दुसऱ्या सीडीतला शेवट

साळुंकेनं खोकं काउंटरवर ठेवलं, ब्लेडनं चिकटपट्टी कापली आणि वरची सीडी काढून माझ्या हातात दिली.

"घ्या भाऊ. ‘बयोची होडी’. पोरं जिची वाट बघतायत ती."

मी ती उलटसुलट करून पाहिली. छपाई चांगली होती. निळं पाणी, लाल होडी, होडीत दोन वेण्यांची बयो आणि तिच्या खांद्यावर तो खेकडा, कुर्लेकाका. कव्हरच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवी टिकली चिकटवलेली होती.

"हे काय?"

"टिकली."

"ते दिसतंय मला. लावली कोणी?"

"मीच की," साळुंके हसत म्हणाला. "अख्ख्या खोक्याला लावल्यात. बाजारातून पाकिटं आणली आणि लॉजवर बसून लावत बसलो. म्हटलं, वहिनी आता नाहीत, भाऊंना कशाला त्रास. कॉलनीत टिकली बघितल्याशिवाय कोणी सीडी नेत नाही, हे काय मला माहीत नाही?"

साळुंके सीडी कंपनीचा विक्रेता. त्याला वाटत होतं, मी खूश होईन.

आता ते दुकान नाही आणि सीड्याही कोणी बघत नाही, म्हणून सांगतो. भुसावळजवळच्या वीज केंद्राच्या कॉलनीत माझी व्हिडिओ लायब्ररी होती. आधी कॅसेटी, मग सीड्या. मी माल आणायला गेलो की दुपारी दुकानात माझी बायको बसायची, हेमलता. कॉलनीतल्या बायका तिला एकच विचारायच्या, "हे पोरांना चालेल का गं?" सांगून सांगून ती कंटाळली. मग तिनं पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि पोरांच्या कॅसेटींवर टिकल्या लावायला सुरुवात केली. हिरवी टिकली म्हणजे मूल एकटं बसून बघू शकतं. मरून टिकली म्हणजे शेजारी मोठं माणूस बसलेलं पाहिजे. टिकलीच नाही म्हणजे पोरांना द्यायची नाही. कव्हर बघून तिनं कधी टिकली लावली नाही. घरी आणायची, आमच्या तेजलला मांडीवर घ्यायची आणि शेवटी नावं संपेपर्यंत बघायची. मग टिकली.

ती त्या वर्षी चैत्रात गेली. कावीळ झाली, दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती तशीच.

"साळुंके," मी म्हणालो, "या टिकल्या काढ."

"अहो भाऊ, एवढ्या सगळ्या?"

"एवढ्या सगळ्या लावताना काही वाटलं नाही ना? बघितल्याशिवाय टिकली लागत नाही इथं."

"पोरांचा सिनेमा आहे. त्यात बघायचंय काय? थेटरात दोन वर्षांपूर्वी गाजला. तुम्ही नाही पाहिला?"

"मी नाही. हिनं आणि तेजलनं पाहिला होता."

"मग झालं तर! वहिनींनी पाहिलेलाच आहे."

हिनं थेटरातून घरी येऊन मला काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पण ते साळुंकेला सांगायचं कारण नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "रविवारी क्लबमध्ये बघू. मग ठरेल."

दर दिवाळीला कॉलनीचं महिला मंडळ क्लबमध्ये पोरांना एक सिनेमा दाखवायचं आणि प्रत्येक पोराला त्याचीच सीडी भेट द्यायचं. कोणता सिनेमा, हे हेमलता ठरवायची. मंडळाच्या अध्यक्ष कर्णिक मॅडम, मोठ्या इंजिनिअर साहेबांच्या मिसेस. त्या वर्षी त्यांनी मला बोलावून घेतलं. "भंगाळेभाऊ, हेमाचं काम आता तुम्ही करा. रविवारी सकाळी आम्ही चार बायका येतो, थोडी पोरं आणतो. तुम्ही टिकली लावली की ऑर्डर पक्की." मला ते बरं वाटलं होतं. हिचं काम दुसऱ्या कोणाकडे गेलं नाही, एवढ्यासाठी.

घरची गोष्ट वेगळी होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

हिचं मयत झालं त्या दिवशी तेजलला कर्णिक मॅडमच्या बंगल्यावर ठेवलं होतं. सात वर्षांची पोर, तिनं बघू नये म्हणून. ती घरी आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "आई देवाघरी गेलीय बाळा, औषध घ्यायला. तू शहाण्यासारखी वागलीस, रडली नाहीस, की दिवाळीला येईल." बसलेल्यांपैकी कोणी काही बोललं नाही. मीही नाही. आक्काचं म्हणणं, पोरांच्या जातीला विसर पडतो, दिवाळीपर्यंत आपोआप विसरेल.

तेजल विसरली नाही. ती शहाणी झाली. आधी ताटात भोपळ्याची भाजी दिसली तर घर डोक्यावर घ्यायची, आता न बोलता खायची. शाळेतून आली की युनिफॉर्म घडी करून ठेवायची. एकदा सायकलवरून पडली, गुडघा सोलवटला, तर दात आवळून बसली. डोळ्यांत पाणी आलं ते बाहीला पुसलं आणि मला म्हणाली, "हे रडणं नाहीये पप्पा. हे आपोआप आलं."

नवरात्र झालं. शॉपिंग सेंटरमध्ये आकाशकंदील लागले. तेजल रोज विचारायची, "आत्या, आता दिवाळीला किती राहिलं?" आक्का म्हणायची, "आलीच की," आणि माझ्याकडे बघायची. मी तोंड उघडलं की डोळे वटारायची. बाजूला घेऊन म्हणायची, "वासू, सण जाऊ दे. सणाच्या तोंडावर पोरीला रडवतो का?" सणानंतर पोर वाट बघून बघून काय करणार होती, ते मात्र तीही सांगत नव्हती.

रविवारी सकाळी मी क्लबमध्ये मोठा टीव्ही लावला. सतरंज्या घातल्या. कर्णिक मॅडम आल्या, इंगळेबाई आल्या, आणखी दोघी. पोरं पुढे बसली. आक्का तेजलला घेऊन आली आणि तेजल अगदी पुढे, टीव्हीच्या पायाशी बसली. साळुंके खोकं घेऊन दारापाशी उभा. टिकल्या काढलेल्या नव्हत्याच.

"काढतो भाऊ," तो हळूच म्हणाला. "पण लागणारच आहेत म्हटल्यावर..."

"बघू," मी म्हणालो.

पहिली सीडी लावली. खरं सांगायचं तर चांगली होती. चित्र स्वच्छ, आवाजात खरखर नाही, कुठं अडकली नाही. आमच्या कॉलनीतल्या बहुतेक पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. वीज केंद्राची राख सोडतात तो राखेचा बंधारा तेवढा माहीत. पोरांनी समुद्र काढला की तो बंधाऱ्यासारखा, राखाडी. इथं पडदाभर निळं पाणी आलं आणि पोरं एकदम गप्प झाली. बयोचे बाबा मासे धरायला जातात आणि वादळात होडीसकट परत येत नाहीत. गावातले म्हातारे म्हणतात, शिंपलबेटाकडे वाहत गेले असतील. बयो लहान होडी घेऊन निघते. सोबत कुर्लेकाका. खेकडा असल्यामुळे तो तिरका चालतो, आणि वाट विचारली की नेहमी भलतीकडेच नांगी दाखवतो. "डावीकडे!" म्हणतो आणि दाखवतो उजवीकडे. पोरं खो खो हसत होती. इंगळेबाई म्हणाल्या, "आमच्या यांच्यासारखाच आहे हो हा." मॅडमही हसल्या. मीही हसलो असेन. बऱ्याच दिवसांनी.

मग वादळ आलं, लाट होडीवर उचलली गेली, आणि पहिली सीडी संपली.

"काका, लवकर लावा ना!" पोरांनी गलका केला.

मी दुसरी सीडी पुसत होतो, तेवढ्यात तेजलचा आवाज आला. "मला माहितीये पुढे काय होतं."

"सांगू नको!" इंगळ्यांचा पवन म्हणाला.

"सांगणार. बेट सापडतं. होडी पण सापडते, पण वाळूत उलटी. बाबा नसतात. मग बयो एकटीच घरी येते. स्वतः वल्हं मारत."

"चल! पोरांच्या सिनेमात असं नसतं."

"असतं. मी थेटरात पाहिलाय, आईसोबत. आई रडली पण होती."

आईचं नाव निघालं. मी सीडी लावली.

वादळ शमलं. बेट आलं. वाळूत उलटी पडलेली होडी आली आणि बयो धावत तिच्याजवळ गेली. तेजलनं वळून पवनकडे पाहिलं, सांगितलं होतं ना, असं. इथवर तिचं बरोबर होतं. पुढे बयो होडीला टेकून बसते असं दाखवलं, तेही बरोबर असणार. पण ते चित्र पुरतं दिसायच्या आतच सनई वाजायला लागली. माडांमागून एक झोपडी निघाली आणि झोपडीतून बयोचे बाबा बाहेर आले. "आलीस का गं बयो!" म्हणाले. आवाज आधीच्या बाबांचा नव्हता. रंगही भडक. बयो हसत होती, पण तिच्या गालावर आधीच्या चित्रातले थेंब तसेच राहिले होते, आणि कुर्लेकाकाला एका बाजूनं पायच कमी काढलेले. घाईत केलेलं काम कळत होतं. मग बाबा, बयो आणि सगळे मासे नाचले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"खोटारडी!" पवन ओरडला. "तेजल खोटारडी! आले की बाबा!"

"खोटारडी! खोटारडी!" बाकीची पोरंही लागली.

तेजल उभी राहिली होती. ती टीव्हीकडे बघत होती. "असं नव्हतं," ती म्हणाली.

"होतं! दिसतंय ना!"

"अरे, चिडवू नका रे," इंगळेबाई म्हणाल्या, पण हसत.

साळुंके दारातून पुढे आला. वाकून तिला म्हणाला, "बाळा, थेटरात झोप लागली असेल तुला. शेवटी शेवटी झोपतात पोरं."

"मी नव्हते झोपले."

"लहान होतीस ना तेव्हा," मॅडम म्हणाल्या. "होतं असं. विसरायला होतं."

"हो, हो, विसरली असेल," आक्का म्हणाली. "बस बरं खाली. शहाणी ना तू?"

तेजलनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. तिची हनुवटी हलत होती, पण ती रडली नाही. रडायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "मी नाही विसरले. आईला विचारा. दिवाळीला आली की विचारा. ती होती माझ्यासोबत."

मी टीव्ही बंद केला.

"साळुंके," मी म्हणालो, "शेवट बदललाय की नाही?"

"भाऊ, आपण नंतर बोलू की."

"आत्ता. या सगळ्यांसमोर."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. "बदललाय. म्हणजे कंपनीनं बदललाय. थेटरात पोरं रडली, पालकांच्या तक्रारी आल्या. म्हणून घरच्या सीडीसाठी नवा शेवट काढला. त्यात वाईट काय झालं?"

"तुला माहीत होतं?"

"होतं ना. बाकी दुकानांत तेच सांगून विकतोय आम्ही."

"मग पोरीला झोपली होतीस असं का म्हणालास?"



मी तेजलजवळ गेलो. "तेजल, तू खरं सांगितलंस. तू म्हणालीस तसंच होतं. बाबा नसतात. बयो एकटी घरी येते."

तिचा चेहरा एकदम उजळला. ती पवनकडे वळली. "बघ! बघ! आणि आई आली ना, की ती पण हेच सांगेल!"

आजवर मला बऱ्याच जणांनी सांगितलं, की तिथं गप्प बसायला हवं होतं. घरी नेऊन, जवळ घेऊन, हळूहळू सांगायचं होतं. हळूहळू म्हणजे कधी, ते कोणी सांगितलं नाही. एवढी माणसं मिळून तिला खोटं पाडत होती, आणि तिनं साक्षीला बोलावलं होतं ते माणूस येणारच नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर मीही त्यांच्यातला एक झालो असतो.

मी खाली बसलो, तिच्याएवढा झालो, आणि म्हणालो, "तेजल, आई येणार नाही."

"वासू!" आक्का ओरडली.

"आई वारली. चैत्रात, दवाखान्यात. तिला कावीळ झाली होती आणि ती बरी झाली नाही. देवाघरी औषध घ्यायला गेली नाही ती. दिवाळीला येणार नाही."

"जीभ आवर, वासू! पोरीच्या जीवावर उठलास का?"

"भंगाळे!" कर्णिक मॅडम उठून उभ्या राहिल्या. "इथं लहान मुलं बसलीत."

"माझंही लहानच आहे मॅडम."

"म्हणून तर म्हणते. त्या दिवशी ही माझ्या मांडीवर झोपली होती. मी पाहिलंय तिला. रडवून काय मिळतं हो मुलांना? पुढे आयुष्य पडलंय रडायला. दिवाळीत एक तास हसू द्या की."

हे त्या मनापासून म्हणत होत्या. माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं. त्या दिवशी तेजलला त्यांनी सांभाळलं, हे मी कधी विसरलो नाही. पण मी म्हणालो, "हसू द्या. तिला खोटारडी ठरवून नाही."

"सिनेमाची गोष्ट वेगळी, घरची वेगळी."

"माझ्या घरात एकच झालीय ती. आक्कानं जे केलं तेच यांनी केलंय. होडी उलटी सापडली तरी झोपडीतून माणूस काढला."

आक्का पदर तोंडाला लावून रडायला लागली. "मी तिच्या भल्यासाठी केलं रे."

"माहीत आहे आक्का. कंपनीनंही भल्यासाठीच केलं."

साळुंकेनं मध्ये तोंड घातलं. "भाऊ, राग समजतो मी. तुमच्यावर वेळच तशी आलीय. पण टिकलीचं काय करायचं? वहिनी असत्या तर..."

"वहिनी काय म्हणाल्या होत्या ते सांगू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"थेटरातून आली तेव्हा डोळे सुजले होते तिचे. मी म्हटलं, एवढा रडका सिनेमा आहे तर सीडी आल्यावर टिकली देऊ नको. तर मला म्हणाली, ‘का नाही द्यायची? मरून टिकली देणार. पोरांना रडू येईल, तेव्हा शेजारी कोणीतरी बसलेलं पाहिजे, एवढंच. रडू नये असं कुठं आहे?’"

 मी खोक्याजवळ गेलो, एक सीडी काढली आणि नखानं टिकली खरवडली. मग दुसरी.

"भाऊ, कव्हर खराब होतंय."

"होऊ दे. या सीडीला टिकली नाही. हिरवी नाही, मरून नाही. माझ्या दुकानातून ही पोरांना मिळणार नाही. तुझ्या कंपनीला सांग, थेटरातला शेवट टाकून आणा, मग बघू."

"असं कोण करतं, भाऊ? एका दुकानासाठी?"

"मग नका करू."

मी टिकल्या काढत होतो आणि मला वाटत होतं, तेजल माझ्या मागे उभी आहे. वळून पाहिलं तर नव्हती. ती दारातून बाहेर पडली होती, चपला न घालता. मी हातातली सीडी तिथंच टाकली आणि धावलो. अर्ध्या टिकल्या तशाच राहिल्या.

ती घरी पोचली होती, क्वार्टरच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"दिवाळीला पण नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"मोठ्या सुट्टीत?"

"नाही. कधीच नाही."

"मी शहाणी वागले तरी?"

"तुझ्या वागण्यावर ते नव्हतंच बाळा. तू कशीही वागली असतीस तरी आई आलीच नसती. आणि तू कशी वागलीस म्हणून ती गेली, असंही नाही."

 समोरच्या क्वार्टरमधल्या बाई दळणाचा डबा घेऊन बाहेर आल्या, आम्हाला पाहून परत आत गेल्या.

"मग मी भोपळा नाही खाणार," तेजल म्हणाली.

"नको खाऊ."

"कधीच नाही खाणार."

"नको."

"आत्यानं वाढला तर फेकून देणार."

"दे."

मग ती उठली आणि पायरीजवळ पाण्यानं भरलेली बादली होती तिला लाथ मारली. बादली पडली नाही, जड होती. तिनं पुन्हा मारली. पडेपर्यंत मारली. पाणी अंगणभर झालं. मग ती ओरडून रडायला लागली. चैत्रापासूनचं सगळं रडणं होतं ते. दारं उघडली, खिडक्या उघडल्या. आक्का मागून धापा टाकत आली होती. ती पुढे होऊन "गप, गप" म्हणायला लागली तेव्हा मी तिला हातानं थांबवलं.  शेजारी बसून राहिलो. माझ्या शर्टाला नाक पुसून तिनं शर्ट ओला केला. मीही रडलो. लोक बघत होते, बघू देत.

आक्का संध्याकाळच्या गाडीनं गावाला गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, "तू दगड आहेस." भाऊबीजेला मात्र आली, तो भाग वेगळा.

पुढच्या आठवड्यात कर्णिक मॅडम दुकानात आल्या. तेजल काउंटरमागे बसून गृहपाठ करत होती.

"भंगाळेभाऊ, रागावू नका," मॅडम म्हणाल्या. "मंडळाचं ठरलं. तीच सीडी दाखवणार आहोत. बायकांना तोच शेवट आवडला. आम्ही परस्पर कंपनीकडून मागवल्या."

"मंडळाची मर्जी. मी बोललो तेच अजून बोलतो."

"ते माहीत आहे मला."  मग काउंटरवरून वाकून तेजलच्या डोक्यावरून हात फिरवला. "कशी आहेस गं? आईची आठवण येते का? आई वरून बघते हं तुला. चांदणी झालीय ती. नीट बघितलं की दिसते."

तेजलनं पेन्सिल खाली ठेवली. "माझी आई वारली," ती म्हणाली.

मॅडमचा हात तिच्या डोक्यावरच थांबला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही वळली.

"असं बोलू नये बाळा," मॅडम हळूच म्हणाल्या.

तेजलनं माझ्याकडे पाहिलं. मी काही इशारा केला नाही. तिला तो नकोच होता बहुतेक. तिनं पेन्सिल पुन्हा उचलली.

"आमच्या घरी बोलतात," ती म्हणाली.